अत्तिलिओच्या नावाचा बुधला

मी काचेचा बुधला बोलतोय. पोट मोठं, गळा अरुंद आणि स्वभाव घाबरट. काचेच्या जन्माला आल्यावर दुसरा कुठला स्वभाव असणार? शेजारच्या फळीवर कोणी पेला जोरात ठेवला तरी माझ्या काळजात धस्स होतं.

इटलीतल्या एका भट्टीत मी जन्मलो. गवतात गुंडाळून जहाजाने कॅनडात आलो आणि हॅमिल्टन शहरात, बार्टन स्ट्रीटवरच्या नीव्हेसच्या दुकानात येऊन बसलो. या दुकानात तयार वाइन मिळत नाही, ती आपली आपण करायची असते. गिऱ्हाईक येतं, रस निवडतं, तो आमच्या पोटात भरला की वरून यीस्ट टाकतं आणि घरी जातं. मग आम्ही कित्येक आठवडे बुडबुडे सोडत उभे. वाइन तयार झाली की त्याच माणसाने यायचं आणि आपल्या बाटल्या भरून न्यायच्या. दुकानदाराने यीस्टलाही हात लावायचा नाही आणि बाटल्यांनाही नाही, असा कायदा. नीव्हेस कायद्याला भारी घाबरते. एकदा तपासनीस तिला तंबी देऊन गेला, तेव्हापासून ज्याने यीस्ट टाकलं त्यानेच बाटल्या भरायच्या, यात ती सख्ख्या भावाचंही ऐकत नाही.

ज्याची वाइन त्याच्या नावाची चिठ्ठी आमच्या गळ्यात बांधतात. माझ्या गळ्यात खूप नावं येऊन गेली. एक शाळामास्तरीण येता-जाता आत डोकावून माझी तब्येत विचारायची. एक जोडपं बाटल्या भरता भरता असं भांडलं, की अर्धी वाइन मोरीत गेली. माणसं बुधल्यासमोर काहीही बोलतात, आमच्या तोंडाला बूच असतं ना.

मग एका वसंतात चिठ्ठी आली अत्तिलिओची. हा पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेला, नाकावर माशी न बसू देणारा म्हातारा. दरवर्षी वाइन करायचा आणि दुसऱ्यांच्या, त्यातही क्लबात त्याच्याबरोबर पत्ते खेळणाऱ्या प्रीमोच्या, वाइनला नावं ठेवायचा. त्या वर्षी त्याची मुलगी ओर्नेला हिचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात मुलीच्या लग्नात घरच्या टेबलावर बापाच्या हातची वाइन लागते. बाहेरून आणलेली ठेवली, तर पाहुणे जेवतील, पण आयुष्यभर बोलून दाखवतील.

यीस्ट टाकायला बापलेक दोघं आली. नीव्हेस आतल्या खोलीत फोनवर होती. अत्तिलिओने पुडी फाडायला घेतली, ती फाटेना. त्याचा उजवा हात पानासारखा थरथरत होता. त्याने खिशातला चाकू काढला, तो हातातून सुटला आणि चाकूची मूठ माझ्या बुडाशी आदळली. मला आतून बारीक कळ आली. दोघांनाही ते कळलं नाही.

"बाबा, द्या इकडे," ओर्नेला म्हणाली. तिने दातांनी पुडी फाडली आणि यीस्ट माझ्या पोटात सोडलं.

"कुणाला सांगायचं नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "प्रीमोला तर मुळीच नाही. नाहीतर गावभर करेल."

"नाही सांगणार."

"आईची शपथ घे."

तिने शपथ घेतली.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. बुडाशी केसासारखा तडा गेला होता आणि वर रसाचा सगळा भार. रस्त्यावरून मालगाडीएवढा ट्रक गेला की मी डोळे मिटून घ्यायचो. म्हणजे डोळे असते तर मिटले असते. माझ्याखाली कधी कधी लालसर ओल यायची. नीव्हेस ती फडक्याने पुसायची आणि शेजारच्या बुधल्याकडे संशयाने बघायची. मी फुटलो तर बाप मुलीच्या लग्नात रिकाम्या हाताने बसणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

वाइन तयार झाली. नितळ, गडद, छान वासाची. नीव्हेसने फोन केला.

"आत्ता नाही," अत्तिलिओ म्हणाला. "चंद्र चढता आहे. चढत्या चंद्रात बाटल्या भरल्या तर वाइन गढूळ होते."

यावर कुणालाच शंका आली नाही, कारण हे तो दरवर्षी सांगायचा. चंद्र उतरायला लागला. मग म्हणे, दक्षिणेचा वारा सुटलाय. वारा पडला, तर कंबर धरली. मला मात्र सगळं समजत होतं. बाटल्या भरायच्या म्हणजे चारचौघांत हात दाखवणं आलं. तो वेळ मारून नेत होता आणि माझा तडा वर सरकत होता.

लग्न तोंडावर आल्यावर ओर्नेला एकटीच आली.

"मी भरते ना, नीव्हेसताई. बाबांना बरं नाही."

"तुझ्या नावाची चिठ्ठी आहे का? नाही. मग मी काय करू? यीस्ट त्यांनी टाकलंय."

ओर्नेलाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. अगं, बोल की! मी मनातल्या मनात ओरडत होतो. दोन शब्दांत सगळं सुटणार होतं. पण आईची शपथ आड आली. जाताना माझ्याखालच्या ओलीवर तिचं बोट टेकलं. तिने ते नाकाशी नेलं, वाकून माझं बूड पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

घरी ती काय बोलली ते मला माहीत नाही, तड्याचं सांगितलं असणार. शनिवारी सकाळी अत्तिलिओ तिच्यासोबत हजर झाला, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकान भरलेलं. प्रीमो आपल्या बाटल्यांना बुचं ठोकत बसला होता.

"आलात का राजे," प्रीमो म्हणाला. "मला वाटलं, चंद्राने परवानगी नाकारली."

"तुझी वाइन चंद्रालाही चढणार नाही," अत्तिलिओने उत्तर दिलं, पण आवाजात जोर नव्हता.

माझ्या तोंडातून नळी आत गेली. त्याने पहिली बाटली नळीखाली धरली. हात हलला, बाटली हलली, वाइन फरशीवर सांडली. त्याने हात खिशात घातला.

"राहू दे. आज हवा दमट आहे," तो म्हणाला.

"मग पुढच्या आठवड्यात या," असं म्हणत नीव्हेसने मला उचलून मागे ठेवायला दोन्ही हात पुढे केले.

संपलं, मला वाटलं. जागेवरून वीतभर जरी उचललं असतं तरी बूड खाली राहिलं असतं. ओर्नेला पुढे झाली, बापाकडे बघत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ओठ मिटलेलेच. शपथ म्हणजे शपथ.

अत्तिलिओने तिच्याकडे पाहिलं.

"नीव्हेस, त्याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "चिठ्ठी बदल. यीस्ट मी नाही टाकलं, हिने टाकलं."

"तुम्ही का नाही टाकलं?"

त्याने हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरतच होता. "हे बघ. यामुळे."

प्रीमोने हातोडी खाली ठेवली. "मग? त्यात नवीन काय? गेल्या हिवाळ्यापासून तू पत्ते वाटतोस तर अर्धे जमिनीवर पडतात. म्हणून तर हल्ली मी वाटतो."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या क्लबाला माहीत आहे. तू सांगशील म्हणून थांबलो होतो. सरक आता, पोरीला बसू दे. आणि बुचं मी ठोकणार नाही हां, नीव्हेस मला बाहेर काढेल."

नीव्हेसने माझ्या गळ्यातली चिठ्ठी काढली आणि नवीन बांधली. ओर्नेलाने सगळ्या बाटल्या स्वतः भरल्या. अत्तिलिओ बाजूला बसून तिला चुका सांगत होता. शेवटची बाटली भरून माझं पोट रिकामं झालं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

लग्नात पाहुण्यांनी विचारलं म्हणे, कोणाच्या हातची? अत्तिलिओने नवरीकडे बोट दाखवलं.

मला आता कुणी भरू शकत नाही. नीव्हेसने तडा पाहिला आणि ती मला काचेच्या कचऱ्यात टाकायला निघाली, पण ओर्नेलाने मागून घेतलं. आता मी अत्तिलिओच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी असतो. रिकामा आहे, पण भीती गेलेली नाही. मांजर जवळून गेलं तरी दचकतो. वाचकहो, तुमच्या घरी असा कुणी बुधला असेल, तर त्याच्या बुडाशी अधूनमधून बोट फिरवून बघा. आम्हाला सांगता येत नाही.

दुपारी अत्तिलिओ माझ्याशेजारी खुर्ची ओढतो आणि माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवतो. त्याच्या बोटातली अंगठी काचेवर टिकटिक वाजत राहते. बाहेरून प्रीमो येतो, पत्ते पिसतो. हात वाजतच असतो आणि अत्तिलिओ तो काढून घेत नाही.