हर्मेरॉस टोगा नेसतो

माझा नवरा हर्मेरॉस तीस वर्षं दुसऱ्याला टोगा नेसवत आला. पाताविउम शहरात कोमिनियस धन्यांच्या घरी आम्ही दोघंही गुलाम होतो. मी मागावर असायची आणि तो धन्यांच्या कपड्यांवर. त्या लांबरुंद पांढऱ्या लोकरी कापडाच्या निऱ्या घालून तो त्या आदल्या दिवशीच फळ्यांखाली दाबून ठेवायचा. सकाळी धन्यांच्या डाव्या खांद्यावरून ते कापड असं सोडायचा की चौकातले लोक मान वळवून बघत. पण गुलामाला टोगा नेसायची बंदी. तो स्वतःच्या अंगावर कसा बसतो, हे हर्मेरॉसला कधी कळलंच नाही.

त्याच्या पन्नाशीला धन्यांनी आम्हा दोघांनाही मोकळं केलं. हर्मेरॉस रोमचा नागरिक झाला, त्याच्या नावाला धन्यांचं नाव लागलं. आम्ही एका गल्लीत खोली घेतली. महिनाभरात धन्यांचा निरोप आला : धाकट्या लेकीचं लग्न आहे, करारावर शिक्का मारायला साक्षीदार म्हणून ये, टोगा नेसून ये.

कधीतरी मोकळीक मिळेल या आशेवर टोगा मी आधीच विणून ठेवला होता. दोन हिवाळे त्यात गेले होते. हर्मेरॉसने तो हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "नेसव."

"मी? मला कुठं येतं?"

"मी सांगतो तसं कर. सोपं आहे."

सोपं कसलं! पहिल्याच दिवशी तीनदा भांडण झालं.

"डावीकडून, थाल्लूसा! डावीकडून!"

"तुझ्या की माझ्या?"

"टोग्याच्या!"

"धनी असे ओरडायचे का रे तुझ्यावर?"

"धनी गप्प उभे राहायचे."

"मग तूही राहा की."

"मी गप्प राहिलो तर तुला सांगणार कोण?"

त्याला स्वतःची पाठ दिसत नव्हती आणि मला त्याच्या हातांची भाषा समजत नव्हती. चौथ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "तू उभी राहा. मी तुला नेसवतो. अंगावर पडलं की आपोआप कळेल."

आमच्याकडे टोगा नेसलेली बाई म्हणजे बाजारबसवी. मी पुढचं दार लावलं, खिडकीवर घोंगडी टाकली आणि उभी राहिले. खरंच, कापडाचं वजन खांद्यावर आलं तशी गोष्ट उमगली. कुठं ओढायचं, कुठं सैल सोडायचं, पोटावरचा झोळ कशाच्या आधारावर राहतो, सगळं. मी खूश होऊन गिरकी घेतली, तर मागच्या दारात शेजारची विबिदिया उभी. बेकरीवाल्याची बायको, हातात गरम पाव.

"अगं बाई!" म्हणाली, आणि पावासकट पळाली.

दुपारपर्यंत पाणवठ्यावरच्या बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या. एकीने तर विचारलंच, "काय गं, मोकळीक मिळाली की लगेच धंदा?" घरी येऊन मी रडले. हर्मेरॉस चपला घालून निघाला.

"जाऊन काय सांगशील? बायकोला टोगा नेसवत होतो म्हणून?"

तो दारातच थबकला. मग माझ्याजवळ येऊन बसला. "लग्नाला नको येऊस, वाटत असेल तर."

"येणार. धन्यांनी मलाही मोकळं केलंय," मी म्हटलं.

लग्नाच्या सकाळी मी त्याला नेसवलं आणि तो डावा हात पोटाशी धरून काठी गिळल्यासारखा चालत गेला. अंगणात पाहुणे जमले होते. धन्यांना नव्या माणसाने नेसवलं होतं आणि ते कसंतरीच दिसत होतं. झोळ घसरायचा, म्हातारे धनी तो वर ओढायचे, पुन्हा घसरायचा. हर्मेरॉसची बोटं वळवळताना मला बायकांच्या बाजूला बसूनही दिसत होती. मी डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही. कराराच्या पाट्या आल्या, धनी पुढे वाकले आणि खांद्यावरचं कापड सुटलं. हर्मेरॉस दोन ढांगांत पुढे झाला, दोन्ही हात लावले आणि पापणी लवायच्या आत सगळं जागेवर बसवलं.

तेवढ्यात त्याचा स्वतःचा टोगा ढीग होऊन पायांत पडला.

माझा नवरा गुडघ्यापर्यंतच्या सदऱ्यात उभा. आधी नवरीच फिसकन हसली, मग सगळं अंगण.

त्याचे कान लालबुंद झालेले पाहिले आणि मी कधी उठले ते माझं मलाच कळलं नाही. टोगा उचलला, झटकला.

"सरळ उभा राहा."

"थाल्लूसा, सगळे बघतायत."

"बघू देत. हात वर कर."

त्या दिवशी प्रथमच तो एक शब्दही न बोलता उभा राहिला. मी पाठीमागून कापड घेतलं, उजव्या काखेखालून काढलं, डाव्या खांद्यावर टाकलं, झोळ सोडला, निऱ्या हाताने बसवल्या. कुणी हसत नव्हतं. धनी घोडा पारखावा तसे त्याच्याभोवती फिरले.

"माझा टोगा असा कधी बसला नव्हता रे, हर्मेरॉस."

"तुम्ही हलायचात, धनी."

मग मात्र हशा पिकला तो धन्यांसकट. हर्मेरॉसने शिक्का मारला.

विबिदिया लग्नाचे पाव पोचवायला आली होती. टोपली तशीच डोक्यावर ठेवून ती माझ्याजवळ आली. "म्हणजे त्या दिवशी तू शिकत होतीस?"

"मग तुला काय वाटलं?"

"अगं, मी सगळ्या गल्लीला..."

"आता पुन्हा सगळ्या गल्लीला सांग."

तिने सांगितलं, पहिल्यापेक्षा जोरात. सांगताना ती स्वतःलाच चार शिव्याही देत होती. त्यामुळे मी तिच्याशी अबोला धरू शकले नाही.

परत येताना हर्मेरॉस हळूहळू चालत होता. मी विचारलं, "उकडतंय का?"

"जड आहे गं. धनी बिचारे सकाळपासून हे अंगावर घेऊन उभे राहायचे, आणि मी मनात म्हणायचो, काय तक्रार करतायत."

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. "चौकातून जाऊ या?"

"लांब पडेल."

"पडू दे."

चौकात त्या वेळी कुणीच नव्हतं. एक भाजीवाली टोपल्या आवरत होती, एवढंच. तरी त्याने मान ताठ करून अख्ख्या चौकाला फेरी घातली. मी दोन पावलं मागे राहिले. मला त्याची पाठ बघायची होती.