फोनमध्ये नसलेली गोष्ट

सिम आहे पण कार्ड नाही, हे मानसिंगरावांच्या काही केल्या गळी उतरेना.

"म्हंजी आत काय घालायचंच न्हाय?"

"नाही आप्पा. ईसिम म्हणतात त्याला. पैसे भरले की मेलवर ठिपक्याठिपक्यांचं एक चौकोनी चित्र येतं. ते स्कॅन केलं की तिकडं उतरल्यावर नेट सुरू."

"नुसतं चित्र दाखवून?"

"नुसतं चित्र दाखवून."

मानसिंगरावांनी लेकीचा फोन हातात घेऊन उलटासुलटा केला, उजेडात धरला, कानाशी नेऊन हलवूनही पाहिला. दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी आहे म्हणायचं, असली भाषा त्यांनी आजवर फक्त कीर्तनात ऐकली होती. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर त्यांची सगळी नोकरी गेली. डबा उघडल्याशिवाय आत भाकरी आहे हेसुद्धा न मानणारा माणूस तो. साहेबाच्या गाडीची डिकीही ते उघडायला लावायचे आणि साहेब मुकाट्याने उघडायचा.

संस्कृती त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होती आणि सुट्टी काढून एकटीच व्हिएतनामला निघाली होती. जायच्या आधी चार दिवस सोलापूरला शुक्रवार पेठेतल्या घरी आली, तेव्हा मानसिंगरावांनी रीतसर चौकशी केली.

"तितं आपलं कोण हाय?"

"कोणीच नाही."

"मग कशाला चाललीस?"

"बघायला."

यावर बापाने विषय तिथेच सोडला, कारण हे बघायचं वेड पोरीला कुठून लागलं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. गेटवर परराज्यातला ट्रक आला की मानसिंगराव पावती फाडता फाडता ड्रायव्हरला तिकडचा पाऊस, तिकडची भाजी, तिकडचं लग्न असं सगळं विचारून घेत. पाठीमागे गाड्यांची रांग लागायची. स्वतः मात्र वेळापूर आणि सोलापूर यांच्या पलीकडे त्यांचं फारसं जाणं झालं नव्हतं. तेव्हा लेक निघाली याचं त्यांना कौतुकच होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी अडवली.

"ह्ये जुनं सिम हितं ठेवून जा."

"आप्पा, ते लागतं. बँकेचे, मेलचे कोड त्याच्यावरच येतात."

"मग माझ्या फोनवर येतील. मी हाय की! गेटाबाहेर जाताना बिल्ला जमा करायचा असतोय. बाहेर हरवला, तर कुणी बी उचलून छातीला लावतंय आन् तुझ्या नावानं आत शिरतंय."

संस्कृतीने आईकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी मान हलवली, त्याचा अर्थ देऊन टाक बाई असा होता. नवरा रिटायर झाला तरी त्याच्या डोक्यातलं गेट काही रिटायर झालेलं नव्हतं, हे त्या रोज बघत होत्या. संस्कृतीने सिम काढून बापाच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते आपल्या फोनच्या रिकाम्या खाचेत सरकवलं आणि झाकण लावून वरून दोनदा दाबलं.

पहिले काही दिवस सगळं झकास चाललं. त्या अदृश्य सिमवर नेट येत होतं आणि नेटवर व्हॉट्सअॅप. मानसिंगरावांच्या प्रश्नांना नुसता ऊत आला. तितं भाकरीऐवजी काय खातेत? माणसं झोपतेत कवा? रस्त्यावर गाई का दिसत न्हाईत? पोरगी नूडल्सचा वाडगा चेहऱ्यासमोर धरून उत्तरं देई. मग त्यांनी फर्माईश केली, "तितल्या गेटवरच्या माणसांचे फोटो धाड." संस्कृतीने दिसेल तिथल्या वॉचमनचे फोटो पाठवायला सुरुवात केली. मानसिंगराव एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत आणि शेरा मारत, "ह्याची शिट्टी खिशात हाय. शिट्टी गळ्यात पायजे."

त्या दुपारी वैजयंतीबाई भाजी आणायला गेल्या होत्या आणि सवयीप्रमाणे त्यांचा फोन घरीच चार्जिंगला लटकत होता. मानसिंगराव खाटेवर पेपर वाचत पडले होते. एवढ्यात त्यांचा मोबाईल खणाणला. नंबर परदेशी, अनोळखी.

"आप्पा, मी संस्कृती बोलतीय!" आवाज घाबरलेला होता आणि मधे मधे तुटत होता. "माझा फोन नदीत पडला. नावेतून फोटो काढताना हातातून सुटला. हॉटेलवाल्या बाईंनी त्यांचा एक जुना फोन संगं न्यायला दिलाय. पण त्यात माझं मेल उघडंना. आता तुमच्या फोनवर एक कोड यील, माझ्या सिमवर. तेवढा सांगा."

मानसिंगराव पेपर टाकून खाटेवरून उठले.

कारण अगदी असाच, शब्दाला शब्द, फोन कसा येतो हे त्यांनी आठवड्यापूर्वीच ऐकलं होतं. पेठेतल्या सभागृहात पोलिसांनी लोकांना सावध करायला कार्यक्रम घेतला होता. मानसिंगराव पहिल्या रांगेत. परदेशी नंबर येतो, घरचं माणूस अडचणीत आहे म्हणतात, घाई करतात आणि कोड मागतात. शेवटचं वाक्य तर त्यांनी बाहेर येऊन सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं, की आता यंत्र माणसाचा आवाजसुद्धा हुबेहूब काढतं.

फोन टुणकन वाजला. सिमवर मेसेज आला होता. सहा आकडे, आणि खाली लिहिलेलं, हा कोड कुणालाही सांगू नका.

"आला का, आप्पा?"

"आला." मग ते आवाज चढवून म्हणाले, "पण तू संस्कृती हायस कशावरून?"

"आप्पा, मस्करी नका करू! बस सुटायला आलीय. तिकीट, पुढच्या हॉटेलचा पत्ता, परतीचं विमान, समदं त्या मेलात हाय. मेल उघडलं की ईसिमवाले नवीन चित्र धाडतील, मग वाटेत बी नेट येईल. हितं कुणाला माझी भाषा कळत नाही. ही शेवटची बस हाय."

मानसिंगराव मनात तोलू लागले. खरंच पोरगी असेल तर ती परमुलखात एकटी, संध्याकाळ व्हायला आलेली, बोलायला कुणी नाही. आणि नसेल, तर हा कोड म्हणजे तिच्या घराची किल्ली. मेल उघडलं की बँक उघडते, असं त्या कार्यक्रमात सांगितलं होतं. फोन ठेवावा, तर पोरीचा हात सोडल्यासारखं. कोड द्यावा, तर चोराच्या हाती दिल्यासारखं.

"फोटोवाल्या फोनवर ये. तोंड दाखव."

"बाईंच्याकडं व्हॉट्सअॅपच नाही. हिकडं दुसरंच कायतरी वापरतात."

हेही चोर म्हणेलच की, असं मानसिंगरावांना वाटलं. त्यांनी गेटवरची रीत धरली. नाव विचारायचं नाही, नाव सगळेच पाठ करून येतात. भलतंच काहीतरी विचारायचं.

"आईनं संगं काय बांधून दिलंय?"

"शेंगाचटणी आन् कडक भाकरी."

"सोलापूरचं माणूस दुसरं काय नेतंय? ह्ये कुणी बी सांगंल. आपलं गाव?"

"वेळापूर."

"त्ये तुझ्या फेसबुकावर हाय. मी तुला काय धाडायला सांगितलं?"

"वॉचमनचे फोटो! शिट्टी गळ्यात पायजे म्हणालात!" आवाज आता रडवेला झाला होता.

मानसिंगरावांना सुटल्यासारखं वाटलं. तोंड उघडून ते कोड सांगणार, तोच मनात आलं, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं आहे. फोन नदीत पडला कशावरून? कुणी हिसकावला असेल तर? त्याला फोटो दिसतील, शिट्टी दिसेल, आईचा वाढदिवस दिसेल, मामाचं नाव दिसेल. जे जे फोनमध्ये आहे ते ते चोराला ठाऊक. तेव्हा फोनमध्ये नसलेलं काहीतरी विचारायला हवं होतं.

आणि इथेच मानसिंगरावांची गाडी रुतली. ते आठवू लागले. पुण्याला गेल्यापासून लेकीशी जे जे बोलणं झालं ते फोनवर. त्याआधी? त्याआधी त्यांच्या पाळ्या. ते घरी आले की पोरगी शाळेत, पोरगी घरी आली की ते झोपलेले किंवा ड्युटीवर. तिची शाळा, तिची दुखणीखुपणी, तिच्या मैत्रिणी, तिचं रुसणं, सगळं वैजयंतीबाईंच्या खात्यावर. आपली आणि पोरीची, फक्त दोघांची अशी एक गोष्ट त्यांना हवी होती. एकच. रांगेतल्या प्रत्येक ड्रायव्हरला शंभर प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या लेकीला विचारायला एक प्रश्न सापडेना. त्यांना फार वाईट वाटलं. भीतीपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"आप्पा? हाय का तुमी?"

"हाय."

"विचारा की!"

"काय विचारू?" मानसिंगराव म्हणाले. "मला काय आठवंना बघ. तुझं-माझं असं कायच आठवंना."

हॉटेलातल्या कुणाचं तरी परक्या भाषेतलं बोलणं ऐकू आलं. मग तोच आवाज, पण घाई नसलेला.

"मग मीच सांगते. तुमी रातपाळी करून सकाळी यायचा. आई नळाला गेलेली असायची. तुमी ड्रेस न काढता कपाटाच्या आरशापुढं उभं राहायचा आन् हळू आवाजात इंग्रजी बोलायचा. कारखान्यात परदेशी साहेब यायचे होते तवा. 'प्लीज वेट सर, आय विल...' आन् तितंच अडकायचा. परत पयल्यापासनं. परत तितंच. मी जागी असायची, आप्पा. पांघरुणातनं बघायची."

मानसिंगराव खाटेवरून उठले होते ते पुन्हा बसले. ही गोष्ट त्यांनी जिवंत माणसाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. गेटवरचा करारी मानसिंग आरशापुढे चाचपडतो, हे कुणाला कळलं असतं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"मग संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की मोठ्यांदा घोकायची," ती म्हणाली. "'प्लीज वेट सर, आय विल कॉल द मॅनेजर.' पुस्तकात नव्हतं त्ये. शाळेतल्या बाईंना विचारून आले होते. तुमी ड्युटीवर जायला बूट घालत असायचा. तुमाला ऐकू जावं म्हणून वरडायची."

मानसिंगरावांना ते ओरडणं लख्ख आठवलं. कान किटले, दुसरा धडा न्हाय का तुझ्या पुस्तकात, म्हणून ते तिच्यावर खेकसले होते. आणि बूट घालता घालता तेच वाक्य मनात भरून घेत होते. पोरीच्या अभ्यासातून आपण गुपचूप उचललं, पोरीला पत्ताही लागला नाही, अशीच त्यांची इतकी वर्षं समजूत होती. साहेबांची गाडी आली त्या दिवशी वाक्य घडाघडा बाहेर पडलं होतं, आणि घरी येऊन त्यांनी कारण न सांगता जिलेबी आणली होती.

"तुला माहीत होतं व्हय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न खात्री करण्यासाठी नव्हता.

"व्हय."

"मग बोलली न्हाईस कवा?"

"तुमाला वंगाळ वाटलं असतं."

मानसिंगरावांनी चष्मा सदऱ्याला पुसला. तरी आकडे नीट दिसेनात, तेव्हा डोळे पुसले. एकेक आकडा त्यांनी ठासून, थांबून सांगितला. पण एवढ्या उलटतपासणीत कोडची मुदत संपून गेली होती. संस्कृतीने नवा मागवला. तो येऊन टुणकन वाजला, आणि तिने "आला का?" विचारायच्या आत मानसिंगराव तो वाचायलाही लागले होते.

"उघडलं! आप्पा, मेल उघडलं! ठेवते, पळते."

फोन बंद झाला. मानसिंगराव तो हातात धरून बसून राहिले. वैजयंतीबाई पिशवी घेऊन दारात आल्या, तेवढ्यात त्याच परदेशी नंबरवरून संस्कृतीचा व्हॉट्सअॅप मेसेज आला. बस मिळाली, नेट आलं, काळजी करू नका. आणि पाठोपाठ खिडकीतून काढलेला फोटो, त्यात बसस्टँडच्या गेटवर उभा असलेला एक वॉचमन.

वैजयंतीबाईंनी पिशवी खाली ठेवून झालेला प्रकार ऐकला. पिशवीतली मेथी तशीच राहिली.

"अवो, पर नुसत्या आवाजावरनं तुमी पोरीला वळखलं कसं?"

मानसिंगरावांनी फोटो बोटांनी मोठा केला.

"मी कुटं वळखलं?" ते म्हणाले. "तिनंच मला वळखलं. आन् आज न्हाय, लई आधी."