विषम तारीख

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी म्हाताऱ्या शिंप्याच्या छातीत कळ आली. साडेनऊच्या आत रुग्णवाहिका दारात होती. तारीख सतरा.

तारखेला महत्त्व होतं. रुग्णालयाने तीन महिने तुलना चालवली होती. सम तारखेला गाडीवर डॉक्टर, विषम तारखेला सिस्टर. कोणाच्या हातून माणूस जास्त सुखरूप पोचतो ते बघायचं. सम तारखांचा डॉक्टर याच शिंप्याचा मुलगा. आज त्याची सुटी होती, म्हणून तो घरीच होता.

सिस्टरने पेटी टेकवली न टेकवली तोच त्याने तिच्यातली सुई उचलली आणि वडिलांच्या डाव्या हातावर शीर शोधू लागला. एरवी अंधारातही न चुकणारा हात. आज दोनदा हुकला. 'विषम तारखेला लोकांनी आजारी पडूच नये,' असं तो चहाच्या वेळी तिला चिडवायचा. परतफेडीची यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. तिने ती सोडली.

"डॉक्टर, आज तारीख माझी आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही उशाशी बसा. हात धरा त्यांचा."

तो बसला.

उजवी बाही घट्ट होती. तिने कात्री काढली तसे म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"कापड कापू नकोस, पोरी. शिवण उसव."

तिने शिवणीवरूनच कात्री चालवली. वेळ तेवढाच लागला. याने टराटरा फाडली असती, असं म्हातारा पुटपुटला, लहानपणापासूनच धसमुसळा. मुलगा कसाबसा हसला. सुई पहिल्याच फटक्यात शिरेत गेली. हृदयाचा आलेख झाला, गोळी चघळून झाली, गाडी निघाली.

दहा वाजून पाच मिनिटांनी म्हाताऱ्याला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. तो शुद्धीवर होता.

बाहेरच्या बाकावर सिस्टर तुलनेचा फॉर्म भरू लागली. सुई किती प्रयत्नांत लागली, असा एक रकाना होता. कोणाच्या प्रयत्नांत, हे विचारलेलं नव्हतं. आजचे सगळे आकडे सिस्टरांच्या बाजूला जाणार होते.

"दोन माझे आहेत," डॉक्टर म्हणाला. "तसं लिहा."

"तुम्ही आज डॉक्टर नव्हता," ती म्हणाली आणि तीन लिहिलं.

उसवलेला शर्ट त्याने शिवणीला शिवण लावून मांडीवर घडी घातला.

साडेअकरापर्यंत दार उघडलेलं नव्हतं.