आवडीचं काम

"ज्या लेकराला जे आवडतं, ते काम त्याच्या अंगावर टाका. मग त्याला ते काम वाटतच नाही," स्नेहल माइकवर सांगत होती, आणि मारुतीच्या देवळासमोर सतरंजीवर बसलेल्या बाया माना डोलवत होत्या. "पाण्यात खेळायला आवडतं, तर भाजी धुवायला बसवा. सायकल आवडते, तर दळण आणायला पाठवा."

इनामगावच्या अंगणवाडीची ती सेविका. बोलायची हौस मूळचीच, त्यात आज पालक मेळाव्याला शिरूरहून सुपरवायझर मॅडम आलेल्या. मॅडमसमोर माइक हातात येण्याचा योग काही रोज जुळत नाही. स्नेहलला हुरूप चढला आणि उदाहरणं देता देता ती गावातून थेट स्वतःच्या घरात शिरली.

"आता माझ्याच घरचं बघा. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणावर आहेत. पण माझ्या पिंकीला आजीची सेवा करायची एवढी आवड की वेणीफणी, अंग पुसणं, संडासचं भांडं देणं, भांडं धुणं, सगळं तीच करते. सहावीतली पोरगी, पण कधी नाक मुरडत नाही."

यातली वेणीफणी तेवढी खरी होती. आजीचे पांढरे केस विंचरायला पिंकीला मनापासून आवडायचं. दोन वेण्या घालायची, वर लाल रिबीन बांधायची आणि आरसा दाखवून म्हातारीला हसवायची. ते बघून स्नेहलनं ठरवून टाकलं की पोरीचा ओढा इकडं आहे. मग वेणीपाठोपाठ अंग पुसणं आलं आणि अंग पुसण्यापाठोपाठ भांडं आलं. नवरा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला, सकाळी हिची अंगणवाडीची घाई, त्यामुळं सगळ्यांचीच सोय झाली. पिंकी नाही म्हणाली नाही आणि स्नेहलनं विचारलं नाही.

"कुठंय ती गुणाची पोरगी?" मॅडमनी विचारलं.

पिंकी मागं चहाचे कागदी कप वाटत होती. तिला पुढं आणलं, माइक तिच्या तोंडापाशी धरला.

"आवडतं का गं तुला आजीचं करायला?"

पिंकीनं एकदा आईकडं बघितलं. "हो मॅडम. आजीची सेवा करायला मला आवडतं. त्यातून चांगले संस्कार मिळतात."

वाक्य शब्दन् शब्द स्नेहलचं होतं, दर सभेतलं. टाळ्या पडल्या. मॅडमनी आपल्या स्वागताला मिळालेलं गुलाबाचं फूल पिंकीच्या हातात दिलं. स्नेहलच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मॅडमची गाडी गेली, पिंकीही घरी गेली. स्नेहल आणि अंगणवाडीची मदतनीस दगडाबाई सतरंजी घडी करायला लागल्या. दगडाबाईनं हातातलं टोक खाली ठेवलं.

"ताई, एक इचारू? रागावू नगा."

"विचारा की मावशी."

"पिंकी आज शिरूरला न्हाई गेली व्हय? आमची करिश्मा पहाटंच गेली, तालुक्याच्या खो-खोला."

"पिंकी कशाला जाईल? ती कुठं खेळते?"

"खेळती की. म्हंजी खेळत हुती." दगडाबाई नातीकडून ऐकलेलं सांगत होती. "करिश्मा म्हणती, पळायला लागली तर पिंकीला कुणी शिवत न्हाई. पर गणपतीच्या टायमाला तिनंच सरांना सांगितलं, मला खो-खो आवडत न्हाई, माजं नाव काढा. सरांनी लई इचारलं, तरी त्येच."

"मला काहीच बोलली नाही."

"प्रॅक्टिस सकाळची असती न्हवं ताई. सकाळी म्हातारीचं कोण करणार?"

दगडाबाईच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. स्नेहलनं सतरंजी खांद्यावर टाकली आणि अंगणवाडीत नेऊन ठेवली.

घराकडं जाताना वाटेत ज्या त्या दारातून कौतुक होत होतं. पोरगी असावी तर अशी, वळण लावावं तर स्नेहलताईनं. तासाभरापूर्वी हे ऐकून ती थांबली असती, चार वाक्यं आणखी बोलली असती. आता मान खाली घालून ती भराभर चालत राहिली.

दारात चपला काढताना आतून सासूचा, बयाबाईचा आवाज आला. "झालं गं बाई. सोड आता श्वास."

मागच्या दारानं पिंकी बाहेर पडली. हातात पेपरानं झाकलेलं भांडं, तोंड एका बाजूला वळवलेलं, ओठ गच्च मिटलेले. संडासात भांडं रिकामं करून ती बाहेर आली, नळापाशी वाकली आणि तिला कोरडी उलटी झाली. पिंकी सावकाश चूळ भरत होती, नेहमीचं काम उरकल्यासारखी. फ्रॉकला तोंड पुसताना तिला आई दिसली.

"मम्मी, मेळाव्यात मी नीट बोलले ना?"

"हो," स्नेहल म्हणाली.

ती आत गेली. बयाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, तोंडावर पदर.

"आत्या, पाणी देऊ का?"

"देवळाचा भोंगा आपल्या दाराकडं तोंड करून हाय गं," पदराआडून म्हातारी म्हणाली. "समदं ऐकू आलं. माजं भांडं सुदिक ऐकू आलं. उभ्या गावाला कळलं."

स्नेहल खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"जल्मात कवा डोईवरचा पदर ढळू दिला न्हाई म्या. चुलत्या-मालत्यात कुणाला पायाचा घोटा दिसला न्हाई. आन् आज तू माजं भांडं माइकवर काढलंस." म्हातारी चिडून बोलत नव्हती, ती मोडून पडली होती. "त्या लेकराला बोलू नगं मातर. ती श्वास धरती. येकदा म्या रडाय लागले, तर मला म्हणती, आजी, तुझा वास न्हाई येत, माजंच नाक खराब हाय."

स्नेहलला वाटलं, आपण इथून उठून कुठंतरी जावं, पण जायला जागा नव्हती. लाज तिला गावाची वाटत नव्हती, मॅडमचीही नव्हती. एका खोलीत राहणाऱ्या या दोघी एकमेकींची लाज राखत होत्या आणि तिनं ती चव्हाट्यावर मांडून वर टाळ्या घेतल्या होत्या.

"चुकलं माझं आत्या," ती म्हणाली. बयाबाईनं पदर काढला नाही.

दिवस कलला तशी शिरूरहून पोरींची जीप आली. हरल्या की जिंकल्या कळेना, पण ओरडा मात्र शाळेपर्यंत ऐकू जाईल असा होता. पिंकी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. जीप पुढं गेली तशी ती आत आली आणि लसूण सोलायला बसली.

स्नेहलनं तिच्या पुढचं ताट बाजूला घेतलं. "उद्यापासून आजीचं मी करीन. तू सकाळची ग्राउंडवर जा. मी सरांशी बोलते."

पिंकीचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

"तुझं काहीच चुकलं नाही गं." स्नेहलनं स्वतः लसूण सोलायला घेतला. "खो-खोच खेळ असंही नाही. तुला जे आवडतं ते कर. सांग बरं, काय आवडतं तुला?"

पिंकी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आईला यातलं कुठलं उत्तर हवंय, ते ती शोधत होती. ते काही तिला सापडलं नाही. मग हळूच तिनं विचारलं, "तूच सांग ना मम्मी. काय म्हणू?"