किल्ली डोमाकडे असायची

"काय शिकवणार म्हणता?" सहीसाठी उचललेला टाक शेठजींनी तसाच हवेत धरला.

"व्यापारनीती, शेठजी. धंद्यात खरेपणाने कसं वागावं, ते. नागपूरच्या एका कॉमर्स कॉलेजात. अर्धवेळ जागा आहे, फक्त शनिवार-रविवार. विद्यापीठाला अर्ज करायचा. सोबत मालकाचा दाखला लागतो."

शेठजी इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि गुणवंतरावांनाच पाणी आणावे लागले. मग डोळे पुसत त्यांनी सही ठोकली. 'बावीस वर्षे आमच्या लाकूड डेपोत. सचोटीत नाव ठेवायला जागा नाही.' मजकूर अर्थात गुणवंतरावांनीच लिहून नेला होता.

बल्लारपूरच्या त्या डेपोत सागाचे ओंडके मोजण्यात या माणसाचा जन्म गेला. पंचेचाळिशीत बाहेरून परीक्षा देऊन एम.ए. झाले, तेही तत्त्वज्ञानात. बैल गेला आणि झोपा केला, असे भाऊबंद म्हणाले. इंदिराबाईंनी मात्र नवऱ्याचा काळा कोट कधीच झटकून ठेवला होता. वर्गात उभे राहावे, चार मुलांनी सर म्हणावे, एवढीच गुणवंतरावांची हौस होती. पण आयुष्यात दुसरी हौस त्यांनी केलीच नव्हती.

दाखला खिशात घालून ते बाहेर पडले, तर फाटकापाशी डोमा उभा. सहा वर्षांपूर्वी तो याच डेपोचा चौकीदार होता. आता डोक्यात एक काळा केस उरला नव्हता.

"राम राम भाऊ. पेपर मिलमंदी चौकीदाराची जागा निघाली म्हंते. चांगल्या चालीचा कागद पायजे. मी जेलात जाऊन आलेला मानूस, मले कोन देनार? तुमी लिहून द्या न दोन अक्षरं."

गुणवंतरावांनी खिशातल्या दाखल्यावर हात ठेवला.

जंगलखात्याचा एक हातोडा असतो. त्याचा ठसा उमटला की लाकूड कायद्याचे होते. सहा वर्षांपूर्वी तो हातोडा दोन दिवस डेपोच्या पेटीत राहिला होता. शेठजींच्या सांगण्यावरून गुणवंतरावांनी डोमाकडून पेटीची किल्ली मागून घेतली आणि चोरट्या ओंडक्यांवर भरदुपारी ठसे मारले. पुढे चौकशी आली. किल्ली कुणाकडे असते, असे साहेबाने विचारले. गुणवंतराव म्हणाले, "किल्ली डोमाकडे असायची." वाक्य खोटे नव्हते. नीतिशास्त्राची एवढी पुस्तके त्यांनी पुढे वाचली ती बहुधा या एका वाक्यासाठीच, पण त्यांना सुटका कुठे सापडली नाही. डोमा ओरडून सांगत होता. चौकीदाराचे कोण ऐकतो? सहा महिने त्याने चांद्याच्या तुरुंगात काढले.

"ये आत," गुणवंतराव म्हणाले.

शेठजी जेवायला गेले होते. गुणवंतरावांनी कोरा कागद ओढला आणि सगळे लिहिले. किल्ली मी मागून घेतली. ठसे मी मारले. डोमा निर्दोष आहे. खाली पूर्ण नावानिशी सही केली आणि वाचून दाखवले.

डोमा घाबरलाच. "असं नोका लिहू भाऊ! डोमा बरा मानूस आहे, येवढंच लिहा. हे कोनी पाह्यलं त तुमची नोकरी जाईल. अन् तुमी मास्तरकीचा अर्ज करून राह्यले ना? फाटकावर सांगत होते सारे."

"असू दे. तू दाखव हा कागद. दाखवशील ना?"

डोमाने घडी करून कागद कनवटीला लावला आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी गुणवंतराव अर्ज घेऊन टपालपेटीपाशी गेले. खिशात शेठजींचा दाखला होता. हा कागद खरा म्हणायचा तर डोमाला दिलेला खोटा ठरतो. ते अर्ज न टाकताच परत आले. आठवड्याने मुदत संपली. "बोलावणं आलं का?" असे इंदिराबाई रोज विचारीत. "येईल," म्हणून ते पाटावर बसत. रोज सकाळी डेपोत जाताना वाटे, आज पोलीस येतील, आज शेठजी हाकलतील. कुणी आले नाही.

माघात लाकडाच्या कामाने गोंडपिपरीकडे जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून ते डोमाच्या गावी गेले. तलावाच्या पाळीवर आपल्या झोपडीच्या दारात डोमा जाळे विणत बसला होता.

"मिलमध्ये लागला नाहीस?"

"नाई जी. थो कागद दाखवलाच नाई मी." डोमाने छपरात खोचलेले बांबूचे नळकांडे काढले. कागद आत जसाच्या तसा होता.

"काऊन रे?"

"दाखवला असता त तुमची मास्तरकी गेली असती. मी चौकीदार झालो काय अन् नाई झालो काय! मासे हाएतच तलावात. म्हनलं, हा मानूस कॉलेजात जाऊन पोट्ट्यांले खरं सांगल. लिहिलं होतं ना तुमी, तसं." तो आशेने वर पाहू लागला. "लागली का जी मास्तरकी?"

गुणवंतरावांना रडू आवरेना. त्यांनी तलावाकडे तोंड फिरवले. डोमाची बायको कुंता पाण्याचा लोटा घेऊन आली होती, तीही थांबली.

"लागली," ते म्हणाले.

डोमाचे सगळे तोंड हसले. "आयकलं का वो? लागली! काय शिकवता जी त्याहिले?"

"तुझीच गोष्ट सांगतो."

"माजी? मंग आमाले बी सांगा न थोडी." डोमाने जाळे बाजूला सारले आणि तो मांडी घालून बसला. कुंताने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती त्याच्या मागे टेकली.

गुणवंतराव उभे राहिले. कोटाची बटणे लावली. "एका डेपोत एक हातोडा होता," ते म्हणाले. "तो एका पेटीत होता. त्या पेटीची किल्ली..." त्यांनी डोमाकडे पाहिले. "किल्ली मी मागून घेतली होती."

"हो जी," डोमा म्हणाला. "मंग?"