उलटा पंखा

फुलवाल्या बाईंची गाडी पुन्हा तापून आली आणि गॅरेजात सगळ्यांची तोंडं उतरली. सगळ्यांची म्हणजे दोघांचीच, सासऱ्यांची आणि सुनेची. सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनीच रेडिएटर बदलला होता, पंप नवा घातला होता. तरी सिग्नलला उभी राहिली की गाडीचा काटा लाल रेघेवर जायचा, मागच्या सीटवरची फुलं माना टाकायची आणि बाई तोंड सोडायच्या.

"आता इंजिनच उघडतो," उस्ताद म्हणाले. "त्यातही काही सापडलं नाही, तर पाना खाली ठेवला मी. हात गेला म्हणायचा माझा."

सुनेला ते पटेना. याच माणसाने तिला पाना धरायला शिकवलं होतं. नाकं मुरडणाऱ्या नातेवाइकांना दारातूनच वाटेला लावलं होतं. आणि म्हणे हात गेला! छट्! मोकळ्या रस्त्यावर गाडी गार, उभी राहिली की तापते. म्हणजे दोष इंजिनाचा नाही, वाऱ्याचा. तिला पक्की खात्री होती.

"बाबा, इंजिन राहू द्या. आधी पंखा बघू."

"अगं, गरगर फिरतोय की! दिसत नाही का?"

"फिरतोय हो. पण कुठल्या बाजूला?"

तिने गाडी चालू केली. पंखा सुरू होताच पुढच्या जाळीसमोर रुमाल धरला. पंख्याने वारा आत ओढायला हवा, रुमाल जाळीला चिकटायला हवा. तो उडाला तो थेट उस्तादांच्या तोंडावर! पंखा उलटा फिरत होता, इंजिनाचाच गरम वारा रेडिएटरवर फेकत होता.

गाडी बंद करून ती वाकली. काळ्या वायरीच्या जागी निळी, निळीच्या जागी काळी. रेडिएटर बदलताना पंखा उस्तादांनीच जोडला होता. गुपचूप बदलून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण उद्या ब्रेकचं काम असलं म्हणजे?

"बाबा, ही वायर कुठल्या रंगाची?"

"काळी."

"आणि ही?"

उस्तादांनी चष्मा पुसला, मान आणखी खाली घातली. "हीसुद्धा काळीच." मग त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मटकन टायरवर बसले. "संपलंच म्हणायचं."

"काय संपलं? मोतीबिंदू असेल, डॉक्टर काढतील." तिने वायरींची अदलाबदल केली, गाडी चालू केली. रुमाल जाळीला घट्ट चिकटला. "पंखा उलटा निघाला म्हणून गाडी भंगारात घातली का आपण? डोळे बरे होईतोवर वायरी मी जोडते, हुकूम तुम्ही सोडा."

उस्तादांनी चिकटलेला रुमाल बोटाने चाचपून पाहिला. मग उठले, गॅरेजची किल्ली खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली.

"उद्या तू उघड. बाईंना सांग, गाडी ठणठणीत आहे. उस्ताद दुरुस्तीला गेलाय."