दोन खणांच्या पेटीची ओरड

मी एक जुनी साठवणपेटी आहे. वायफायचं यंत्र भिंतीला टेकून लुकलुकत असतं ना, त्याच्याच शेजारी, चपलांच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. दुकानात मला नेटवर्क स्टोरेज असं भारदस्त नाव होतं. या घरात मला 'डबा' म्हणतात. म्हणोत बापडे! नावाचा मला राग नाही, मित्रांनो. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो आज मी गिळणार नाही.

कारखान्यात मला पत्र्याचं अंग मिळालं, पोटात छोटासा पंखा, पुढे दोन खण, एक दिवा आणि एक पिपाणी. दिवा हिरवा असला की सगळं ठीक. नारिंगी झाला की काहीतरी बिघडतंय. तरीही कुणी पाहिलं नाही, तर पिपाणीने ओरडायचं. मला बोलता येतं ते एवढंच.

या घरची लेक आणि जावई दुकानात आले, तेव्हा त्यांचे फोन भरले होते, लॅपटॉप भरला होता आणि फोटो कुठे ठेवायचे यावरून रोज कुरबुर चालायची. जावयाचा डोळा चार खणांच्या पेटीवर होता, पण किंमत ऐकून त्याने हात मागे घेतला. इंटरनेटवर जागा घ्यावी तर भाडं जन्मभर भरत बसा. घरचा जुना कॉम्प्युटर कामाला जुंपावा तर तो दिवसरात्र वीज खाणार. मग दुकानदारीणबाईंनी मला पुढे ओढलं.

"ही परवडेल तुम्हाला. दोन खण, दोन डिस्क. एकीवर ठेवाल ते दुसरीवर आपोआप उतरतं. एक गेली तरी दुसरी असते."

"म्हणजे पैसे दोन डिस्कचे आणि जागा एकीचीच?" जावई म्हणाला.

"असू दे रे," लेक म्हणाली. "आईचा आवाज तरी नीट राहील."

तिची आई बसस्थानकावर घोषणा द्यायची. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' एवढं तिने म्हटलं, की घाईतली माणसंही बॅगा खाली ठेवून ऐकायची. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा लेकीने तिला समोर बसवून तिचं बोलणं भरून घेतलं. लहानपणच्या गोष्टी, शेजारणींच्या नकला, मध्येच फुटलेलं हसू, सगळं. शेवटी लेक म्हणाली, "आई, मला जेवायला बोलावतेस तशी हाक मार ना." "हे काय गं खूळ!" म्हणत आईने हाक मारली. ते सगळं माझ्या पोटात आलं. ऑपरेशननंतर आईने हाताशी एक पितळी घंटी ठेवली. कुणी हवं असलं की ती घंटी वाजवायची.

सुरुवातीला माझं कौतुक काय वर्णावं! पाहुण्यांना हाताला धरून मला दाखवायला आणत. पण घरात फोटो काढायला कुणाला काही धरबंध नव्हता. एकच सूर्यास्त वीस वेळा, जेवणाचं एकच ताट चारी बाजूंनी, खिशात चुकून सुरू झालेला व्हिडिओ, सगळं माझ्या गळ्यात. "रविवारी बसून नको ते काढून टाकू," असं लेक म्हणायची. रविवार आले आणि गेले. मी काठोकाठ भरले.

मग जावयाने काय शक्कल लढवावी? माझ्या डिस्कची जोडी तोडली. दुसरी डिस्क पुसून तिच्यावर सिनेमे भरले.

"बघ, फुकटात जागा दुप्पट."

"आणि आईचं रेकॉर्डिंग?"

"आहे की पहिल्या डिस्कवर. कुठे पळून जातंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या एका गोष्टीसाठी मला पसंत केलं, तीच यांनी मोडून टाकली, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. मारामारीचे सिनेमे पुन्हा कुठूनही मिळतील. आईचा आवाज कुठल्या दुकानातून आणणार होते?

पुढे पहिली डिस्क थकली. खरखरू लागली. मी दिवा नारिंगी केला, कुणी बघेना. मग जीव तोडून ओरडले. जावई कामाच्या कॉलवर होता. त्याने काय बिघडलं ते पाहिलंच नाही. सेटिंगमध्ये जाऊन माझी पिपाणी बंद केली आणि दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्याच्यावर काळी पट्टी चिकटवली. त्याच दुपारी सासूबाईंना म्हणाला, "आई, ती घंटी जरा कमी वाजवा ना." लेकही म्हणाली, "खरंच गं आई, किती वेळा ते टिंगटिंग?"

म्हणजे आम्हा दोघींचीही तोंडं बंद!

पण आईने धूळ पुसताना ती पट्टी नखाने खरवडून काढली. खालचा नारिंगी दिवा पाहून ती थबकली. तिने घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. "थांब जरा," आतून उत्तर आलं. तेव्हा तिने घंटी माझ्या डोक्यावर ठेवली आणि वाजवतच राहिली. लेक तणतणत बाहेर आली. आईने तिचं बोट धरलं आणि माझ्या दिव्यावर टेकवलं.

लेकीचा चेहरा उतरला. त्याच दिवशी नवी डिस्क आली. वाचता येईल तेवढं तिच्यावर उतरवलं. गोष्टी आल्या, नकला आल्या, हसूही आलं. हाक मात्र आली नाही. लेकीने ती पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. एकदाही उघडली नाही.

"मला वाटलं, तो डबा उगाच ओरडतोय," जावई पुटपुटला.

आता माझ्या खणांत जोडी परत आली आहे, पिपाणी सुरू आहे, आणि आईच्या आवाजाची आणखी एक प्रत लेकीच्या मावशीच्या घरी ठेवली आहे. शहाणपण आलं, पण हाक गेली ती गेलीच. मित्रांनो, पेटी स्वस्तातली घ्या, माझी हरकत नाही. पण जे पुन्हा मिळणार नाही ते एकाच जागी ठेवू नका. आणि कुणी ओरडत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी त्याला काय झालंय ते विचारा.

संध्याकाळी ताटं वाढून झाली की आई स्वयंपाकघरातून घंटी वाजवते. लेक आता पहिल्याच आवाजाला हातातलं काम टाकून उठते.

"आले गं आई," ती म्हणते.